गुण्यातलं घर

४ मार्च २००१, रविवार

ऑफिसात वाटलेल्या डायऱ्यांतली ही एक. दोन महिने कोरीच पडली होती. आजपासून घराच्या कामाची नोंद हिच्यात ठेवणार. गवंडी कधी आला, काय केलं, कुठं चुकलं. नंतर कुणी म्हणायला नको की तुळशीदास, तू लक्ष दिलं नाहीस.

घर जव्हारातच, बाजारामागच्या उतारावर. विटा-मातीचं, वर कौलं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे एक काळोखी खोली. मालक भावेश म्हणून, नाशिकला नोकरीला असतो. आत्याचं घर त्याच्याकडे आलं, पण पंधरा वर्षं कुलूपच होतं. मी मोखाड्याकडे कुडाच्या घरात वाढलो, आणि नोकरीची अठरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. हे पहिलं आपलं घर.

प्रतिभाचं मात्र नवल वाटलं. साडी घ्यायची तर तासभर दुकान डोक्यावर घेणारी बाई. घर बघायला गेलो तेव्हा आत शिरली, डावा हात भिंतीवर ठेवला, तशीच चालत सगळं घर फिरली, परत दारात आली आणि म्हणाली, "हेच घेऊ."

खोट एकच. या घराला कोपरे नाहीत. दोन भिंती मिळतात तिथं आतून वाटीसारखी गोलाई, आणि भिंत बाहेरच्या अंगाला वळते तिथं घड्याच्या पोटासारखी. लोखंडी कपाट लावलं तर मागे मांजर व्यायेल एवढी फट राहील. गिलावा नव्यानं करायचाच आहे, तर सगळे कोपरे काटकोनात करून घेणार.

प्रतिभा म्हणाली, "राहू द्या की गोल. तुमचं काय खातात?"

कारण विचारलं तर म्हणे लेकरू धडकेल. लेकरू म्हणजे ममता. आठवीत आहे.

७ मार्च, बुधवार

युसुफभाई गवंडी आले. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं. सोबत माल कालवायला हिरी, वावर गावाकडची, चाळिशीची बाई. युसुफभाईंनी पुढच्या खोलीत उभं राहून चारी बाजूंना पाहिलं आणि कोपऱ्याच्या गोलाईवरून तळहात फिरवला.

"साहेब, हे आमच्या अब्बांचं काम. मी तेव्हा चुना मळायला होतो."

"काम चांगलंच आहे. पण मला आता काटकोन पाहिजे."

"थोडी गोलाई ठेवू. बोटभर."

"नाही. गुण्या लावला की मागून उजेड दिसता कामा नये."

गुण्या म्हणजे त्यांचा लोखंडी काटकोन. पिशवीतून काढून त्यांनी तो गोल कोपऱ्यात धरला, पाहिलं, परत पिशवीत टाकला. "बरं," एवढंच म्हणाले.

आज एक गोष्ट दिसली, ती आधी लक्षात आली नव्हती. कमरेच्या उंचीवर सगळ्या घरभर चार बोटं रुंदीचा पट्टा आहे. तिथं चुना झिजून गुळगुळीत, तेलकट झालाय. कुठंच तुटत नाही, गोल कोपऱ्यातूनही तसाच वळत जातो. मागच्या काळोख्या खोलीत तर तो चमकतो. बहुतेक पोती घासून झालं असावं.

९ मार्च, होळी

ममताला घेऊन होळीला जाऊन आलो. प्रतिभा आली नाही. धुरानं डोळे दुखतात म्हणाली. मागच्या महिन्यात शाळेच्या बाई म्हणून जनगणनेच्या कामाला उतरणीच्या पाड्यावर गेली होती, तेव्हा बांधावरून घसरून नडगी सोलून घेतली, तेव्हापासून अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नावच काढत नाही. पाय बघून टाकत नाही, दुसरं काय.

परत आलो तर खोलीत बल्बखाली गप्प बसलेली. ममताला म्हणाली, "दिव्याभोवती कडं दिसतंय बघ. रंगीत. इंद्रधनुष्यासारखं." मी बल्बकडे बघत राहिलो. मला काही दिसलं नाही. ममतानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

१३ मार्च, मंगळवार

जुना गिलावा खरवडून झाला. पट्टासुद्धा गेला. खरवडताना युसुफभाईंनी तेवढा भाग शेवटी ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाले, "हात धजत नाही." गवंड्यानं असं बोलायचं म्हणजे कमाल झाली.

आज बाजारात भाजीवाल्यापाशी मी प्रतिभाच्या अगदी उजव्या हाताला येऊन उभा राहिलो. हातभर अंतरावर. तिनं वांगी घेतली, मला ओळख न देता डावीकडे वळली आणि निघून गेली. घरी विचारलं तर म्हणाली, "होतात कुठं तुम्ही?" कोपऱ्यांवरून राग धरलाय, हे मी ओळखलं.

१९ मार्च, सोमवार

पुढची खोली झाली. काय सुंदर दिसते! चारी कोपऱ्यांत गुण्या लावून बघितला, उजेडाची रेघसुद्धा नाही. दारात उभं राहिलं की भिंतींच्या कडा वरून खाली सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. अठरा वर्षं रजिस्टरात रेघा मारल्या. आज त्या आपल्या घरात उभ्या पाहिल्या. कुणाला सांगणार हे?

संध्याकाळी प्रतिभाला दाखवायला नेलं. तिनं भिंतीला हात लावला आणि चालू लागली. कोपऱ्यात बोटं समोरच्या भिंतीवर आपटली. ती दचकली.

"इथं संपतं का?"

"काय संपतं? कोपरा आहे."

मग खोली न बघताच चपला शोधायला लागली. चपला समोरच होत्या.

२१ मार्च, बुधवार

हे नीट लिहितो.

मधल्या खोलीच्या भिंतींना आज चुन्याचा शेवटचा हात दिला. युसुफभाई दोनला गेले. भिंत ओली होती, बोट लावलं तर ठसा राहील अशी. ऑफिस सुटल्यावर साडेपाचला मी कुलूप उघडून आत गेलो.

भिंतीवर कमरेच्या उंचीला चार रेघा होत्या. बोटांच्या. दारापासून निघून भिंतभर न तुटता गेलेल्या. कोपऱ्यात त्या थांबल्या होत्या, आणि तिथं बोटांच्या टोकांचे ठसे होते. वर, खाली, पुन्हा वर. पंधरा-वीस तरी. इथं काय आहे म्हणून कुणी चाचपावं तसे. मग पलीकडच्या भिंतीवर रेघा पुन्हा सुरू झालेल्या.

चाव्या तीन. एक माझ्याकडे, एक युसुफभाईंकडे, एक आमच्या भाड्याच्या खोलीवर स्वयंपाकघरात खिळ्याला. प्रतिभा शाळा सुटल्यावर पुढच्या खोलीच्या गिलाव्याला पाणी मारून येते. तिला विचारलं, कुणी दिसलं का? म्हणाली, "मी दारातूनच पाणी मारलं. आत गेलेच नाही."

२४ मार्च, शनिवार

युसुफभाईंनी रेघा बुजवल्या. काल पुन्हा उमटल्या. आज मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ही कुणाची मस्करी?

ते थापी पुसत बसले. मग म्हणाले, "साहेब, इथं गोदाबाई राहायच्या. भावेशसाहेबांची आत्या. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. त्यांच्या भावानं अब्बांना सांगितलं, घरात एकही धार नको. अब्बांनी महिना घेतला. मग बाई सगळ्या घरात एकट्या फिरायच्या, भाकरी थापायच्या, पाणी भरायच्या. आम्ही रस्त्यानं जाताना आतून हात भिंतीवरून जाण्याचा आवाज यायचा. सर्र... सर्र... आम्ही पोरं म्हणायचो, गोदाबाई निघाल्या."

"आणि गेल्या कशा?"

"म्हातारपणानं. मागच्या खोलीत. चांगलं मरण आलं."

"हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही गुण्यात पाहिजे म्हणालात ना."

हिरी घमेलं घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "तिची वाट होती भाऊ. तुमी मोडली."

"हिरी, माल कालव," युसुफभाई म्हणाले.

मी शिकलेला माणूस आहे. गावाकडं भगत, अंगारे असलं पुष्कळ पाहिलं, आणि सोडून आलो. पण त्या कोपऱ्यातले ठसे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

२६ मार्च, पाडवा

नव्या दारात गुढी उभारली. प्रतिभानं चहा ओतला तो अर्धा बशीत, अर्धा ओट्यावर. ममतानं लगेच फडकं फिरवलं.

हल्ली घरात सगळंच थोडं वेगळं चाललंय. चौथीचे पेपर प्रतिभा स्वतः वाचत नाही. ममता मोठ्यानं वाचते आणि ही मार्क सांगते. "तिचाही अभ्यास होतो," म्हणते. बोटांची टोकं फुटलीत तिच्या, पांढरी पडलीत. खडूनं होतं म्हणाली. तेल लावून दिलं. हात हातात घेतला तेव्हा किती दिवसांनी घेतला, असं वाटलं. तिनं तो बराच वेळ सोडला नाही.

गोदाबाईंबद्दल तिला सांगितलेलं नाही. घाबरेल.

३० मार्च, शुक्रवार

मागची खोली. हिरी आत यायला तयार नाही. "मी नाय जाव तठं," म्हणून अंगणातच बसली. युसुफभाईंनी स्वतः घमेली वाहिली. तिथले कोपरे करायला त्यांनी फार वेळ लावला. प्रत्येक कोपरा झाला की दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहायचे.

त्या खोलीला मी वेगळं कुलूप घातलं. चावी एकच, युसुफभाईंकडे दिली. त्या खोलीला मागच्या अंगणाचं एक दार आहे, त्याला आतून अडसर.

३१ मार्च, शनिवार

मागच्या खोलीतही रेघा. युसुफभाईंनी माझ्यासमोर कुलूप उघडलं. या रेघा पुढच्यांसारख्या अडखळत नाहीत. सरळ, सवयीच्या. फक्त कोपऱ्यात गिलावा खोल उकरलाय. नखांनी.

युसुफभाई म्हणाले, "साहेब, ही एक खोली गोल करून देतो. मजुरी घेणार नाही."

मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो ते आता लिहिताना कळत नाही. कदाचित असं की एकदा हो म्हटलं तर मग आहे हेच मान्य केल्यासारखं होईल.

५ एप्रिल, गुरुवार

अर्धा दिवस रजा टाकून साडेतीनला नव्या घरी गेलो. आज प्रत्यक्ष बघायचंच, असं ठरवलं होतं. युसुफभाईंचा खाडा होता.

पुढची खोली, मधली खोली, काही नाही. दुपारचं ऊन कौलांतून खाली उतरलेलं. मी घडवंचीवर बसलो. बसलो असेन दहा मिनिटं.

सर्र...

मागच्या खोलीतून. हात भिंतीवरून जातोय असा. मग थांबला. मग टक, टक, बोटं चाचपल्यासारखी. मग पुन्हा सर्र...

दाराचं कुलूप बाहेरून जसंच्या तसं होतं. मी त्याला हात लावला. एवढंच करता आलं. नाव घेऊन विचारायला हवं होतं, कोण आहे म्हणून. चपला हातात घेऊन मी रस्त्यावर आलो आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. चहावाला म्हणाला, "भाऊसाहेब, ताप आहे काय?"

मी घाबरलो. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं म्हणता येणार नाही.

प्रतिभा सहाला खोलीवर आली. पदराला पांढरं लागलं होतं. कुठं होतीस, असं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ती समोर आहे एवढंच पुरे वाटलं.

११ एप्रिल, बुधवार

काम संपलं. शेवटी मधल्या खोलीतून स्वयंपाकघराकडे भिंत वळते तो कोना राहिला होता. युसुफभाईंनी दोनदा विचारलं, याची धार तरी मारून घेऊ का, येण्याजाण्याच्या वाटेत आहे. मी पट्टी लावून तोही धारदारच करून घेतला. मनातली भीती घालवायची तर अशीच घालवावी लागते, असं तेव्हा वाटलं.

१५ एप्रिल, रविवार

राहायला आलो. कपाट भिंतीला चिकटून बसलं. मागे पोस्टकार्डही जाणार नाही. मागची खोली बंदच ठेवलीय, सामानाची खोली म्हणून.

प्रतिभा दिवसभर घरात फिरून पावलं मोजत होती. ओठ हलताना दिसत होते. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून पलंगापर्यंत. मला वाटलं सामानाचा अंदाज घेतेय.

ममता म्हणाली, "बाबा, ते कोपरे पुन्हा गोल नाही का करता येणार?" मी तिच्यावर ओरडलो. हिच्या कानावर गोदाबाईंची गोष्ट गेली असणार, असं वाटलं. ती म्हणाली, "कोण गोदाबाई?"

२२ एप्रिल, रविवार

काल लिहायला जमलं नाही.

काल संध्याकाळी सातच्या सुमाराला वीज गेली. मी पुढच्या खोलीत, ममता शेजारी. प्रतिभा स्वयंपाकघरातून कंदील घ्यायला निघाली. तिच्या हाताचा भिंतीवरून येणारा आवाज मला ऐकू आला. तोच. सर्र... मी उठून उभा राहिलो, पण दारापर्यंतही गेलो नाही. मग आवाज थांबला, आणि एक वेगळा आवाज झाला, नारळ फुटल्यासारखा.

ती त्या कोन्यावर आपटली होती. मीच धारदार करून घेतलेल्या. भुवईपासून कानापर्यंत उघडलं होतं. रक्त माझ्या हातातून खाली गळत होतं आणि ती म्हणत होती, "काही नाही, काही नाही, मी एक पाऊल चुकले."

दवाखान्यात सात टाके पडले. नवा डॉक्टर आहे, पोरगेलासा. टाके झाल्यावर त्यानं बॅटरी डोळ्यांत मारली आणि आपली बोटं तिच्या कानांच्या बाजूला हलवली. "बाई, किती बोटं?" ती गप्प. बोटं समोर आणत आणत नाकापुढे आणली तेव्हा म्हणाली, "दोन."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "किती दिवस झाले हे?"

मी म्हणालो, "काय?"

२६ एप्रिल, गुरुवार

नाशिकहून शेवटच्या एसटीनं परत आलो.

काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलाय. डाव्यानं तिला बोरूच्या नळीतून बघावं एवढंच दिसतं. आहे तेवढं औषधाच्या थेंबांनी टिकेल, टिकलं तर. गेलेलं येणार नाही. डॉक्टर म्हणाले, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसली असतील. बाजूचा माणूस दिसत नसेल. उतरताना पाय चुकत असेल. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी ही डायरी उघडून मागची पानं वाचली. सगळं लिहून ठेवलंय. तारीखवार.

२९ एप्रिल, रविवार

आज ती बोलली. ममता पण बसली होती.

दीड वर्षापूर्वी शाळेतल्या शिबिरात डोळे तपासले, तेव्हाच तिला कळलं होतं. नाशिकला जा म्हणून चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी तिनं फाडून टाकली.

"का?"

"नोकरी जाईल म्हणून. आणि कळलं तर कळलंच ना मग. नाही गेले तर अजून काही झालेलं नाही, असं वाटायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

ममता म्हणाली, "आईनं मलाही सांगितलं नव्हतं. मीच ओळखलं." ते बोलणं पट्टीनं मारल्यासारखं लागलं.

मग प्रतिभा म्हणाली, "तुम्हाला सगळं सरळ लागतं. मी अशी अर्धी. वाटलं, तुम्ही कसं बघाल माझ्याकडे. या घरात आले, भिंतीला हात लावला, आणि कोपरा कधी आला, कधी गेला कळलंच नाही. वाटलं, इथं मला जमेल. इथं तुम्हाला कधी कळणारही नाही."

मी तिच्या पायाशी बसलो होतो. मी हसायचा प्रयत्न करत म्हणालो, "आणि मी त्या रेघांना भूत समजून चहाच्या टपरीवर पळालो."

"शाळा सुटल्यावर जाऊन चालायची सवय करायचे. पुढच्या दोन खोल्यांत. ओल्यावर रेघा उमटलेल्या मला दिसायच्या नाहीत. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

"आणि मागच्या खोलीत?"

"मागच्या खोलीला कुलूप होतं."

"अंगणाच्या दारानं येत असशील."

"अडसर होता ना आतून? मी त्या खोलीत आजवर पाऊल टाकलेलं नाही. घर बघायला आलो तो एक दिवस सोडून."

"पाच तारखेला, गुरुवारी दुपारी, तू होतीस. मी ऐकलं."

"गुरुवारी केंद्रशाळेत सगळ्या शिक्षकांची बैठक होती. साडेपाचपर्यंत सगळे तिथंच होतो. फळ्याला टेकून बसले होते."

मी डायरीतली पाच तारीख पुन्हा काढून बघितली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी पुढे चालायचे तेव्हा मागच्या खोलीत कुणीतरी चालायचं. मी थांबले की थांबायचं. मला वाटलं, तुम्ही आहात. लपून बघताय. तुम्हाला कळलंय आणि मी सांगायची वाट बघताय. म्हणून मी रोज जायचे. वाटायचं, आज तरी बाहेर याल."

ममता उठून तिच्या कुशीत शिरली.

३० एप्रिल, सोमवार

प्रतिभाला गोदाबाईंबद्दल सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, घर सोडू म्हणेल. तिनं विचारलं, "स्वयंपाक एकट्या करायच्या?"

"युसुफभाई म्हणाले तसं."

"पाणी पण भरायच्या?"

"हो."

मग दिवसभर ती कसल्या तरी विचारात होती. संध्याकाळी म्हणाली, "मुख्याध्यापकांना मी स्वतः सांगणार आहे. तुम्ही यायचं नाही."

१३ मे, रविवार

युसुफभाई तीन दिवसांपासून आहेत. मीच घरी जाऊन हात जोडले. "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. विचारलं फक्त, "बाईंना दुखतं का अजून?" त्यांच्या बायकोनं, झरीनाभाभींनी, मुरंबा बांधून दिला.

गुण्यात केलेले कोपरे फोडताना छिन्नीचा आवाज घरभर घुमत होता. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं.

गोलाई किती ठेवायची, मी विचारलं. युसुफभाई म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं? अब्बा गोदाबाईंना उभं करायचे." आणि त्यांनी प्रतिभाला बोलावलं. ओल्या मालावर ती हात फिरवायची, म्हणायची, "इथं बोट अडतं," आणि ते तेवढं घासून काढायचे. पुन्हा हात. पुन्हा घासणं. एका कोपऱ्याला निम्मा दिवस गेला. टाक्यांचा व्रण अजून लाल आहे, पण तिचा चेहरा असा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. वर्गात शिकवताना असायचा तसा.

"मागची खोली?" युसुफभाईंनी विचारलं. माझ्याकडे बघून.

प्रतिभाच म्हणाली, "ती आधी करायला हवी होती."

हिरी आज घमेलं घेऊन मागच्या खोलीत गेली. मी बघत होतो. उंबऱ्यावर थांबली, आत कुणाला तरी "सरक गं बाय" म्हणाली आणि गेली.

२० मे, रविवार

काम पुरं झालं. युसुफभाई सकाळीच हत्यारं घेऊन गेले. मागच्या खोलीचं कुलूप काढून टाकलंय, दार सताड उघडं आहे.

दुपारी चारच्या सुमाराला प्रतिभा आणि ममता मागच्या अंगणात पापड उलटत होत्या. घरात मी एकटाच. मनात आलं, बघू तरी हिला कसं वाटतं. पुढच्या दारात उभा राहिलो, डोळे मिटले, डावा हात भिंतीवर ठेवला आणि चालू लागलो.

पहिल्यांदा पाय उचलेना. मग जमलं. भिंत थंड होती. पुढच्या खोलीतला कोपरा आला तो कळला नाही, हात आपोआप वळला आणि मागोमाग मी. मधली खोली. ज्या कोन्यावर ती आपटली होती तो तळहातात भाकरीच्या गोळ्यासारखा आला आणि गेला. मला रडू आलं, पण डोळे उघडले नाहीत.

मागच्या खोलीत शिरलो. दोन भिंती झाल्या. तिसऱ्या भिंतीवर, कोपऱ्याच्या अलीकडे, माझी बोटं दुसऱ्या बोटांना लागली.

कोरडी, बारीक बोटं. भिंतीवरच टेकलेली, माझ्या दिशेनं येणारी. ती थांबली. मग माझ्या हातावरून फिरली, बोटं, नखं, मनगट, इथं काय आहे ते बघितल्यासारखी. घाई नाही. मी म्हणालो, "प्रतिभा?"

अंगणातून प्रतिभाचा आवाज आला, "काय हो?" लांबून. मागोमाग ममता कशावर तरी हसली.

डोळे उघडता आले असते. पळताही आलं असतं, दार दोन पावलांवर होतं. त्या बोटांनी माझा हात सोडला होता आणि ती भिंतीवर तशीच थांबून होती.

मी भिंतीवरचा हात काढला आणि एक पाऊल खोलीच्या मध्ये सरलो. तिला भिंत लागते. मला दिसतं.

माझ्या शेजारून सर्र असा आवाज पुढे गेला, कोपऱ्यात न थांबता वळला, आणि दाराकडे निघून गेला.